फॉरमॅट मारायच्या आधी एकदा रिस्टोअर करून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत कॉम्प्युटर नीट चालत नसेल तर काय करायचं यावर छोटा मजकूर आला होता, चांगला होता, पण त्यात अँटिव्हायरस फिरवा, नको ते सॉफ्टवेअर काढा आणि तरीही जमलं नाही तर विंडोज नव्याने टाकून घ्या, म्हणजे डिस्क पुसून फॉरमॅट मारा, असं सरळ लिहिलंय. मधली एक पायरी राहूनच गेली आणि तीच आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोगाची आहे, म्हणून हे पत्र. सिस्टम रिस्टोअर. म्हणजे मशिन ज्या दिवशी व्यवस्थित चालत होतं त्या दिवसाच्या सेटिंगला ते परत नेणं. ही सोय विंडोजमध्येच असते, वेगळे पैसे लागत नाहीत, इंटरनेट लागत नाही, आणि बहुतेक लोकांना ती माहितीच नसते.

माझं कराडला डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पत्रिका, हँडबिल, शाळांचे पेपर, पतसंस्थांचे अहवाल अशी कामं, आणि दुकानात कॉम्प्युटर दिसतो म्हणून आजूबाजूची माणसं आपापले लॅपटॉप पण घेऊन येतात. सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारावं लागेल." प्रिंटर चालेना, फॉरमॅट. आवाज येईना, फॉरमॅट. अपडेट झाल्यापासून स्क्रीन काळी होतीय, तरी फॉरमॅटच. फॉरमॅट मारणाऱ्याचं काम त्याच्यापुरतं सोपं असतं, पेन ड्राइव्ह लावायचा, तासाभरात नवीन विंडोज, पैसे घेतले, विषय संपला. ज्याचं मशिन आहे त्याचा विषय मात्र तिथून सुरू होतो.

फॉरमॅटमध्ये जातं काय ते नीट सांगतो. आपल्याकडे मशिन घेताना डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतात आणि फॉरमॅट फक्त सी ला मारतात, म्हणून लोकांना वाटतं आपला डेटा डी मध्ये सेफ आहे. पण रोजच्या फायली ठेवतो आपण डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये, डाउनलोड्समध्ये, आणि हे तिन्ही सी मध्येच असतात हे कोणी सांगत नाही. पोरीच्या अ‍ॅडमिशनचे स्कॅन केलेले दाखले डेस्कटॉपवर, ग्रामपंचायतीचे ठराव डेस्कटॉपवर, टॅलीचा डेटा पण बऱ्याचदा सी लाच असतो. मग ऐन मार्च एंडला किंवा सीईटीच्या फॉर्मच्या वेळेला माणूस दुकानात येऊन उभा राहतो आणि विचारतो, काही परत मिळेल का. त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघवत नाही हो.

आणि फायली वाचल्या तरी बाकीचं जातंच. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. मराठी डीटीपी अजूनही बऱ्याच प्रमाणात श्रीलिपी आणि आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टवर चालतं, पानं लावायच्या पेजमेकर ७ वर चालतं जो २००१ सालचा आहे आणि ज्याला आता कोणी वाली नाही. ते सेटअप कुठल्या सीडीत होते, डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी किल्ली) ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण विंडोजला ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, कुठला, कीबोर्ड टाइपरायटरचा होता का फोनेटिक, हे सगळं वर्षानुवर्षं बसवत बसवत एकदाचं जमलेलं असतं. फॉरमॅट मारला की जुन्या फायली उघडतात पण अक्षरांच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हांची जत्रा दिसते, कारण फॉन्टच नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांचं त्याहून अवघड, अंगठ्याच्या मशिनचा ड्रायव्हर, आधारसाठी लागणारी त्याची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, पासबुक प्रिंटर, सगळं पुन्हा एकेक करून बसवायचं, तोपर्यंत बाहेर रांग. एखाद्या गावात असं केंद्र एकच असतं, ते बंद म्हणजे त्या दिवशी उत्पन्नाचा दाखला नाही, पीक विम्याचा फॉर्म नाही.

आता रिस्टोअरचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो कारण ते कळलं की त्याच्यावर विश्वास पण बसतो आणि त्याच्याकडून नको ती अपेक्षा पण राहत नाही. विंडोज अधूनमधून रिस्टोअर पॉइंट तयार करतं, म्हणजे त्या क्षणाला सिस्टमच्या फायली, ड्रायव्हर, बसवलेले प्रोग्रॅम आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सगळ्या सेटिंगची वही) कशा होत्या याची नोंद. मोठं अपडेट येताना, काही सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर बसवताना ही नोंद आपोआप होते, आणि आपल्याला पाहिजे तेव्हा स्वतःही करता येते. पूर्ण डिस्कची कॉपी नसते ती. नोंद झाल्यानंतर डिस्कवरचा जो भाग बदलतो त्याचं जुनं रूप तेवढं बाजूला ठेवलं जातं, सातबाऱ्याला जसे फेरफार असतात आणि मागं मागं जाऊन आधी काय होतं ते वाचता येतं, साधारण तसं. म्हणून जागा पण कमी लागते. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, हे काम शॅडो कॉपी नावाच्या पद्धतीने होतं, त्याआधी एक्सपीमध्ये ठराविक प्रकारच्या फायलींवर लक्ष ठेवून केलं जायचं.

सोय जुनी आहे, २००० साली विंडोज मिलेनियममध्ये पहिल्यांदा आली. तिची सुरुवात फार चांगली झाली नाही हेही खरं, मिलेनियममध्ये एक दोष असा होता की ८ सप्टेंबर २००१ नंतर तयार केलेले पॉइंट लागूच व्हायचे नाहीत, तारखेच्या आकड्यात एक अंक वाढला आणि प्रोग्रॅमचा हिशोब चुकायला लागला, मग मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळी दुरुस्ती द्यावी लागली. काही जुने टेक्निशियन अजून म्हणतात की रिस्टोअर काही चालत नाही, उगाच जागा खातं. त्यातल्या बऱ्याच जणांचं मत त्या काळात तयार झालंय असं मला वाटतं. शिवाय एक्सपीच्या काळात व्हायरस त्या रिस्टोअरच्या फोल्डरमध्येच जाऊन बसायचे, म्हणून अँटिव्हायरसवालेच सांगायचे की आधी रिस्टोअर बंद करा आणि मग स्कॅन करा. ते त्या वेळी बरोबर होतं, पण एकदा बंद केलेलं पुन्हा चालू करायला कोणी सांगितलं नाही, आणि बंद ठेवायची सवय तशीच पुढं आली.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता. विंडोज १० पासून ही सोय बऱ्याच मशिनवर मुळात बंदच असते! नवीन लॅपटॉप आणला, दोन वर्षं वापरला, बिघडल्यावर रिस्टोअर उघडलं तर आत एकही पॉइंट नाही, कारण चालूच केलेलं नव्हतं. त्यात भर म्हणजे रजिस्ट्रीची जी एक कॉपी विंडोज गुपचूप स्वतःसाठी ठेवायचं, तीही विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ या आवृत्तीपासून आपोआप होणं बंद झालं, डिस्कवरची जागा वाचावी म्हणून. मला हा निर्णय अजिबात पटलेला नाही. थोडी जागा वाचवण्यासाठी सामान्य माणसाचा परतीचा रस्ता बंद केला, आणि त्याला ते सांगितलं पण नाही.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती, आजच हे करा. स्टार्टच्या शोधायच्या जागेत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' असं इंग्रजीत टाइप करा, जी छोटी खिडकी उघडेल त्यात ड्राइव्हची यादी दिसेल, सी च्या पुढं 'ऑफ' असेल तर सी निवडून 'कॉन्फिगर' दाबा, 'टर्न ऑन सिस्टम प्रोटेक्शन' निवडा आणि खालची पट्टी पाच ते दहा टक्क्यांवर आणून ओके करा. २५६ जीबीच्या डिस्कवर पाच टक्के म्हणजे बारा-तेरा जीबी होतात, तेवढी जागा द्यायला काही हरकत नाही. मग त्याच खिडकीत 'क्रिएट' दाबून पॉइंटला नाव द्या, "प्रिंटर बसवायच्या आधी" असं काहीतरी, म्हणजे पुढं ओळखू येईल. नवीन ड्रायव्हर, नवीन अकाउंटिंग सॉफ्टवेअर, कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेला फॉन्टचा सेटअप, असं काहीही बसवायच्या आधी हे करायची सवय लावून घ्या. पण एकदा केला की कायमचा राहिला असं नाही, जागा भरली की जुने पॉइंट आपोआप पुसले जातात, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५ च्या अपडेटपासून पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस ठेवला जातो. त्यामुळे दिवाळीत केलेला पॉइंट मे महिन्यात मिळेल अशा भरवशावर राहू नका.

बिघाड झाल्यावर त्याच खिडकीतलं 'सिस्टम रिस्टोअर' बटण दाबायचं, तारखांची यादी येते, ज्या दिवशी मशिन नीट होतं त्याच्या जवळची तारीख निवडायची. तिथं 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स' असं एक बटण असतं ते दाबून बघाच, कारण त्या तारखेनंतर बसवलेले कुठले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जाणार आणि कुठले परत येणार याची यादी ते आधीच दाखवतं. फोटो, वर्ड, एक्सेलच्या फायली, पीडीएफ यांना हात लागत नाही. डाउनलोड करून ठेवलेले सेटअप म्हणजे प्रोग्रॅमच्या फायली मात्र जाऊ शकतात, त्या पाहिजे असतील तर आधी पेन ड्राइव्हवर घ्या. एकदा सुरू झालं की मध्ये बंद करायचं नाही, लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा, आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या मशिनला बराच वेळ लागतो, अडकलंय असं वाटतं, पण थांबायचं. आणि झाल्यावर काही बिनसलं तर 'अनडू' पण करता येतं, फक्त सेफ मोडमधून (म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतं सुरू करून) किंवा रिकव्हरीच्या स्क्रीनवरून केलेलं असेल तर अनडू मिळत नाही.

कधीकधी शेवटी "रिस्टोअर झालं नाही, काहीही बदललेलं नाही" असा मेसेज येतो आणि माणूस तिथंच हार मानतो. बऱ्याच वेळा त्याचं कारण अँटिव्हायरस असतं, तो सिस्टमच्या फायलींना हात लावू देत नाही. तो तात्पुरता बंद करून परत करा, नाहीतर सेफ मोडमधून करा, नाहीतर एक आधीची तारीख घेऊन बघा.

आणि मशिन चालूच होत नसेल तर? तरीही फॉरमॅटच्या आधी हा रस्ता असतो. विंडोज दोन-तीनदा अर्धवट सुरू होऊन बंद पडलं की ते स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या स्क्रीनवर जातं, तिथं ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात सिस्टम रिस्टोअर. त्याच ठिकाणी 'अनइन्स्टॉल अपडेट्स' पण असतं, अपडेटनंतरच बिघडलं असेल तर आधी ते करून बघा. पण इथं एक मोठी अडचण येते, हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली असते, मालकाला ते माहिती पण नसतं, आणि या स्क्रीनवर ४८ अंकी बिटलॉकर की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, मागतात. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं असेल तर की त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते, दुसऱ्या मोबाईलवरून बघता येते. पण अकाउंट दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेलं असेल तर काय करणार? असे लॅपटॉप माझ्याकडे आलेत. त्या माणसाचा डेटा डिस्कवर असतो, डिस्क चांगली असते आणि तरी तो मिळत नाही. ही की आजच कागदावर लिहून कपाटात ठेवा, मशिन चालू आहे तोपर्यंतच.

अपडेटमुळे चांगलं मशिन बिघडतं हा काही लोकांचा भ्रम नाही. मार्च २०२१ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरला प्रिंट दिली की निळा स्क्रीन येऊन मशिन बंद पडायचं, मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून काही दिवसांत वेगळी दुरुस्ती काढली. प्रिंटरवर पोट असलेल्या माणसाला ते काही दिवस म्हणजे किती असतात ते मला विचारा. आणि १९ जुलै २०२४ तर सगळ्यांना आठवत असेल, क्राउडस्ट्राइक या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे जगभरात ८५ लाख विंडोज मशिन बंद पडल्या, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावर जो उपाय सांगितला गेला तो सगळं पुसायचा नव्हता, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाईल काढायची एवढाच होता. जे बिघडलंय तेवढंच मागं घ्यायचं. एवढ्या मोठ्या गोंधळात जगाने हे केलं आणि आपल्या तालुक्याच्या गावात साध्या आवाजाच्या ड्रायव्हरसाठी पूर्ण मशिन पुसली जाते, याचा मला खरंच राग येतो.

आता रिस्टोअर कुठं चालत नाही तेही सांगितलं पाहिजे. हार्ड डिस्कच खराब होत असेल, टकटक आवाज येत असेल, फाईल उघडायला मिनिट मिनिट लागत असेल, तर रिस्टोअर करू नका आणि फॉरमॅटही करू नका, आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा. रॅमचा दोष याने जाणार नाही. पुसलेला फोटो याने परत येणार नाही. रिस्टोअर म्हणजे बॅकअप नाही, कारण पॉइंट त्याच डिस्कवर असतात, डिस्क गेली की तेही गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच उडवल्या होत्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं, अशा वेळी बाहेरच्या डिस्कवर कॉपी असेल तोच वाचतो. २०१७ च्या वॉनाक्रायसारखे खंडणीवाले व्हायरस, म्हणजे फायलींना कुलूप घालून पैसे मागणारे, तर या शॅडो कॉप्याही पुसून टाकतात. असा व्हायरस शिरला असेल तर मात्र फॉरमॅट लागतोच, तिथं मी पण फॉरमॅटच सांगेन.

आणखी एक, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून बरेच जण ११ वर गेलेत, अजून जातायत. त्यांच्यासाठी माहिती अशी की ११ वर गेल्यावर १० दिवसांच्या आत सेटिंगमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' करून परत १० वर येता येतं, फायली तशाच राहतात. जुना प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशिन, मराठी टायपिंग हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांतच तपासून घ्या, आणि तोपर्यंत जागा मोकळी करायच्या नादात 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर काढू नका, परत जायची सोय त्याच फोल्डरवर असते.

रिपेअरिंगवाल्या बांधवांना माझं सांगणं आहे, त्यांच्यावर माझा रोष नाही, त्यातली बरीच पोरं ओळखीची आहेत आणि कष्ट करून धंदा करतात. गिऱ्हाइकाला फॉरमॅट सांगायच्या आधी रिस्टोअर पॉइंट आहे का एवढं बघा, असेल तर तेवढं करून द्या आणि त्याचे रीतसर पैसे घ्या, अर्ध्या-एक तासाचं काम आहे, लोक आनंदाने देतील. नवीन मशिन विकताना सिस्टम प्रोटेक्शन चालू करून, एक पॉइंट बनवून आणि अकाउंट गिऱ्हाइकाच्याच ईमेलवर उघडून द्या. एमएस-सीआयटीचे वर्ग घेणाऱ्या सरांना आणि मॅडमना पण विनंती, हा भाग पोरांकडून प्रत्यक्ष मशिनवर करून घ्या, एक पॉइंट बनवायचा, एखादा प्रोग्रॅम बसवायचा, आणि परत मागं जायचं. एकदा स्वतःच्या हाताने केलं की भीती जाते, आणि ती पोरं घरी जाऊन वडिलांच्या आणि मामाच्या मशिनवर पण करून देतील.

संपादक साहेब, पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर मिलेनियम वगैरे जुना इतिहास खुशाल काढा, पण प्रोटेक्शन चालू करायची पद्धत आणि बिटलॉकर कीची सूचना तेवढी ठेवा. पुरवणीत हा विषय परत घेणार असाल तर प्रत्येक पायरीचे स्क्रीनशॉट काढून मराठीत नावं टाकून मी द्यायला तयार आहे, त्याचं मानधन वगैरे काही नको.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक डीटीपी व्यावसायिक, कराड